कोकरू उचलून पुढं व्हायचं

सटवा, भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची तुझी खोड जुनीच. पलटणीतही तू असंच करायचास. माझा मुद्दा ऐन रंगात यायचा, आवाज चढायचा, की तू कांबळं झटकून म्हणायचास, "ऱ्हाऊ दे किसना, उद्या भांडू." दुसऱ्या दिवशी मी नव्या दमानं तयार, आणि तुला काल कशावरून भांडत होतो तेच आठवत नसायचं. या खेपेला मात्र तू भांडण टाकून कायमचाच उठलास. आता मी कुणाशी भांडू? म्हणून हे लिहायला बसलोय. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. तरी ऐक. आणि मध्ये उठायचं नाही.

लोक पारावर येऊन बसतात आणि तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. साधा होता, भोळा होता, देवमाणूस होता. मला हसू येतं आणि रागही येतो. तू कसला भोळा? तुझ्याइतका बेरकी माणूस पैनगंगेच्या या काठाला झाला नाही. पुसेगावच्या बाजारात नुसत्या दातांवरून मेंढीचं वय सांगायचास, आणि माणसाच्या चालण्यावरून त्याच्या मनात काय आहे ते. माझ्या मनातलं तर माझ्याआधी तुला कळायचं. तेच तर आपल्या भांडणाचं मूळ.

आपली लढाईची गोष्ट आता गावाला तोंडपाठ आहे. समुद्रातलं बेट जपान्यांनी बळकावलेलं, आपल्या फौजेनं होड्यांतून जाऊन ते सोडवलं, आणि आपल्या होडीतून वाळूवर पहिलं पाऊल टाकलं ते किसन मास्तरानं. माझी दर्या आता चौथ्या वर्षात आहे. ती हे गाण्यासारखं म्हणते, "बाबा आधी, बाबा आधी." ही गोष्ट गावात कुणी पसरवली? तू. तुझ्या गोष्टीत एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त तिचा अर्धा भाग तू स्वतःपाशी ठेवलास, आणि तो तुझ्याबरोबर जाऊ नये म्हणून माझा जीव खालीवर होत होता.

आठवतं, समुद्र आपण पहिल्यांदा पाहिला तो दिवस? अकोल्याला जाऊन दोघं भरती झालो त्याला वर्ष उलटलं होतं. होड्यांतून उतरायची कवायत शिकवायला आपल्याला किनाऱ्यावर नेलं. सगळे शिपाई आ वासून पाहत राहिले. तू मात्र बराच वेळ डोळे बारीक करून उभा राहिलास आणि मग मला म्हणालास, "किसना, याचा पल्याडचा काठ कुठं हाय?"

मग तू तुझी गावाकडची विद्या काढलीस. नदीकाठी कळप बसवताना तुम्ही धनगर पाण्याच्या कडेला काठी रोवता. पाणी काठीच्या वर चढलं तर सामान उचलायचं, काठीखाली सरकलं तर पूर ओसरला, बिनघोर झोपायचं. तू समुद्राच्या कडेला काठी रोवलीस. तासाभरात पाणी दूर गेलं. तू हात झटकून जाहीर केलंस, "पूर वसरला. टाका तळ." आपल्या तुकडीनं त्या ओल्या, थंड वाळूवर बूट काढले, भांडी मांडली, कांबळी पसरली आणि दुपारची झोप काढली. जाग आली ती हवालदाराच्या आरडाओरड्यानं. तो कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि वाहून जाणाऱ्या आपल्या बुटांना शिव्या घालत होता. तुझी काठी कुठल्याकुठं गेली होती.

शिक्षा म्हणून दोन दिवस आपण वाळूची पोती वाहिली. तू पोत्याखाली वाकून कुरकुरत होतास, "आरं, हा कसला दर्या? पाऊस एक थेंब न्हाई आन् दिवसातून दोनदा पूर येऊन राहिला!" मी हसून हसून पोतं खाली टाकलं, तर तिसऱ्या दिवसाचीही शिक्षा मिळाली. पण तू चिकट. पुढं रोज काठी रोवायचास. महिनाभरात चंद्राची तिथी विचारून पाणी कधी चढणार ते सांगायला लागलास. तोच हवालदार बूट काढण्याआधी तुला विचारायला येऊ लागला.

आणि माझं पाण्याचं भय तुला त्याच दिवसांत कळलं. आमच्या शेतात बारव होती, पण मी जन्मात तिच्यात उतरलो नाही, पायरीवर बसून तांब्यानं अंघोळ करायचो. पलटणीत हे कुणाला सांगणार? कवायतीत होडीच्या तोंडाचं दार पुढं पडलं, की तू मागून माझा कमरेचा पट्टा घट्ट धरायचास आणि दोघं मिळून पाण्यात पडायचो. त्याबद्दल तू कधी बोलला नाहीस, मीही नाही. एकदा फक्त जेवताना सहज म्हणालास, "मेंढी हाकलून पान्यात जात न्हाई बग. हाकललं की ती आनखीच पाय रोवती. तिचं कोकरू उचलायचं आन् आपन पुढं व्हायचं. मग ती येतीच." मला वाटलं, तुला घर आठवलं असेल. मी डाळीत भाकरी चुरत होतो.

मग पौषातली ती सकाळ आली. गड्या, आजही ती आठवली की माझ्या अंगावर काटा येतो, आणि खरं सांगू, आनंदही होतो. समोर ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यालगतचं रामरीचं बेट. आपल्या जहाजावर धांदल. आणि नेमकं त्याच सकाळी टपाल वाटलं गेलं. मला पारूच्या भावाचं पत्र. पहिल्या पानभर त्यानं ज्वारी कशी आहे, गाय व्याली, काकांचा खोकला बरा आहे असलं सगळं लिहिलं होतं. पानाच्या तळाशी लिहिलं होतं, "आता मुख्य गोष्ट लिहितो." माझा हात तिथंच थांबला. मी सुट्टीवर घरी येऊन गेल्याला नऊ महिने झाले होते, पारूचे दिवस भरले होते. आमचं पहिलं लेकरू जन्मतःच गेलं होतं, आणि तेव्हा पारूही मरता मरता वाचली होती. पान उलटायची मला हिंमत होईना.

तू शेजारी बंदूक पुसत होतास. "पलटव की कागद."

"नंतर वाचतो."

"काहून?"

मी पत्राची घडी घातली. तेवढ्यात होड्यांत उतरायचा हुकूम आला, आणि मी पत्र खिशात घातलं.

काय सकाळ होती ती! ऊन निघालेलं, पाणी शांत. मोठ्या जहाजांच्या तोफा आपल्या डोक्यावरून धडाडत होत्या. वर विमानं. किनाऱ्यावर धुराचे लोट आणि धुरातून डोकावणारे माड. आपल्या चपट्या होड्या आधी गोल गोल फिरल्या, मग एका रांगेत आल्या आणि सगळ्या एकदम बेटाकडं निघाल्या. पाण्याचे फवारे तोंडावर येत होते. कुणी देवाचं नाव घेत होतं, कुणी ओकत होतं. आणि तू? हिंगोलीच्या जत्रेत कुस्तीच्या फडापाशी उभा असायचास तसा टाचा उंचावून बघत होतास. "किसना, बग, बग! आरं काय थाट हाय!" मी तुला म्हणालो, "मरायला चाललोय आपण." तू म्हणालास, "व्हय, पन बग तर खरं!"

पुढच्या रांगेत आपण दोघं होतो. होडीचा तळ वाळूला घासला. तू वाकून पाण्याचा रंग पाहिलास आणि माझ्या कानात ओरडलास, "हा नुस्ता वाळूचा उंचवटा हाय. म्होरं खोल हाय, मग काठ." दार धाडकन पुढं पडलं. समोर हिरवं पाणी, आणि त्या पाण्यापलीकडं बेट.

माझे पाय हलेनात. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय, सटवा. मी दोन्ही हातांनी होडीची कड धरली आणि डोळे मिटले. मागं तीस माणसं अडकली. हवालदार किंचाळत होता, कुणीतरी बंदुकीचा दस्ता माझ्या पाठीत मारला. दारात अडकलेली होडी म्हणजे शत्रूला आयतं निशाण, हे मला कळत होतं. माझ्यामुळं तीस जण मरतील हेही कळत होतं. तरी हात सुटेना. जितकं मागून ढकलत होते तितका मी पाय रोवत होतो.

तू ढकललं नाहीस. माझा पट्टाही धरला नाहीस. माझ्या खिशात हात घातलास, पत्र काढलंस, तंबाखूच्या मेणकापडात गुंडाळलंस आणि लोखंडी टोपीत खोचलंस. मी डोळे उघडून बघतच राहिलो. तू माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणालास, "तुजं कोकरू म्या नेलं. वाचायचं आसंल तर ये." आणि उडी टाकलीस.

पाणी तुझ्या छातीला लागलं. तू वळलास, माझ्याकडं तोंड केलंस, आणि तोफांच्या त्या गडगडाटात तू मेंढरांना घालतोस ती हाळी घातलीस, "हुर्र्र्र हा! हुर्र्र्र हा!" माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझी बायको जिवंत आहे की नाही, माझं लेकरू आहे की नाही, ते त्या कागदावर लिहिलेलं, आणि हा धनगर तो कागद डोक्यावर घेऊन समुद्रात चाललाय! मी तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत पाण्यात पडलो. पाणी किती होतं, थंड होतं की नाही, मला काही आठवत नाही. मला फक्त तुझी टोपी दिसत होती. तुझा पाय खोलात गेला, तू डगमगलास, आणि मी तुला ओलांडून पुढं गेलो. माझ्या पायाला वाळू लागली. मी वळून तुझ्यावर धावून जाणार, तर मागून तीसच्या तीस जण ओरडत येत होते, आणि काही जण तर चक्क "हुर्र्र्र हा" करत होते.

बाजूच्या होडीतल्या साहेबानं मला एकट्याला पुढं पाहिलं. "शाबाश!" तो ओरडला. झालं! किसन पहिला. गोष्ट तिथं जन्माला आली.

मी पत्र मागितलं, तर तू म्हणालास, "आधी काम." आणि माडांकडं पळत सुटलास. गोळ्या तुरळकच होत्या, भय होतं ते पुरलेल्या सुरुंगांचं. पुढच्यानं टाकलेल्या पावलावरच पाऊल टाकायचं, असा हुकूम होता. दुपारपर्यंत मी तुझ्या पाठीमागं तुझ्या पावलांवर चाललो आणि दर दहा पावलांनी तुला शिवी दिली.

दुपारी त्या झोपडीपाशी थांबलो ते आठवतं ना? आधी कुणीच दिसेना. मग अंगणातला पाचोळा हलला. पाचोळ्याखाली बांबूची ताटी होती, ती बाजूला सरली आणि खड्ड्यातून एक म्हातारा वर आला. त्यानं आपल्याकडं पाहिलं. मग परत खाली वाकला आणि दोन शेळ्या वर काढल्या. जपानी शिपायांपासून त्यानं त्या तशा लपवून ठेवल्या होत्या. उजेडात आल्यावर त्या धडपडत होत्या, डोळे मिचकावत होत्या. आपल्या सगळ्यांच्या बंदुका म्हाताऱ्यावर रोखलेल्या, आणि तू बंदूक खाली ठेवून शेळीपाशी बसलास. तिचा पुढचा पाय उचलून पाहिलास. "खूर सडलाय. वलीत ठेवली म्हून," असं तू त्याला मराठीत सांगितलंस, आणि म्हाताऱ्यानं मान हलवली, त्याला सगळं समजल्यासारखी! तुझ्या चाकूनं तू खूर साफ केलास. शेळी लंगडत गेली आणि सगळ्यांसमोर, भर उन्हात, एका झुडपाचा पाला ओरबाडायला लागली. म्हातारा रडत होता. मी तुझ्याकडं पाहिलं, तर तूही रडत होतास.

"सुटलं गड्या बेट," तू म्हणालास. "शेरडं-मेंढरं उघड्यावर चराया लागली की समज मुलूख सुटला."

बेटावरची लढाई अजून बरीच बाकी होती, पुढं चिखलात आणि खाजणात काय काय पाहावं लागलं ते पाहिलं. पण माझ्यापुरतं बेट त्या दुपारीच सुटलं. कारण मग तू टोपी काढलीस आणि मेणकापड माझ्या हातात दिलंस. "आता वाच. मोठ्यानं."

मी पान उलटलं. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. मी ते तीनदा वाचलं, आणि तिसऱ्या वेळी तू माझ्यासोबत म्हणत होतास. म्हाताऱ्यानं काही न कळता टाळ्या वाजवल्या आणि शहाळं फोडून दिलं. तू माझ्या पाठीवर अशी थाप मारलीस की शहाळ्याचं पाणी नाकात गेलं. "पोरीचं नाव दर्या ठेव," म्हणालास. गावात अजून लोक विचारतात, या कोरड्या मुलखात पोरीचं नाव दर्या कसं? सटवा, एवढा आनंद मला पुन्हा कधीच झाला नाही. त्या दिवशी तुला मिठी मारायला हवी होती. मी नुसता "हरामखोर" म्हणालो.

गावी परतलो आणि तू पहिल्याच दिवशी पारावर सुरू केलंस, "आमच्या होडीतून वाळूवर पयला पाय किसनाचा. म्या मागून." मी तुझ्याकडं पाहिलं. तू डोळासुद्धा मिचकावला नाहीस. लोकांनी मला पागोटं बांधलं. मी मारोतीच्या देवळात पोरांना बाराखडी शिकवायला लागलो तेव्हा आईबाप सांगायचे, मास्तर भिणाऱ्यातला नाही, त्याच्याकडं पोरं घाला. मला ते गोड लागलं. लागलं, खोटं कशाला बोलू? पहिलं वर्ष गोड लागलं, मग घशात अडकायला लागलं.

या शिमग्यानंतर पुसेगावच्या बाजारात तू पुन्हा चार जणांत ती गोष्ट लावलीस आणि माझा तोल गेला. तुला बाजूला ओढून मी म्हणालो, "पुरे कर आता! तू मला मेंढरू केलंस त्या दिवशी. आणि वर माझीच आरती ओवाळतोस?"

तू खरंच चकित झालास. "मेंढरू वाईट आसतंय व्हय? म्या तर उभा जलम त्यांच्यासंग काढला."

"मला खरं सांगून टाकू दे लोकांना."

"मंग सांग की. म्या तुजं तोंड दाबलंय का?"

मी आणखी मोठ्यानं ओरडलो. काय वाटेल ते बोललो. तू तुझं नेहमीचं म्हणालास, "ऱ्हाऊ दे, उद्या भांडू." मी पुढं तीन महिने तुझ्याशी बोललो नाही. तूही हट्टी, तू रोज सकाळी देवळासमोरून कळप न्यायचास आणि मला ऐकू जाईल अशी हाळी घालायचास. मी पोरांना मुद्दाम जोरात पाढे म्हणायला लावायचो.

आषाढात रझाकारांच्या टोळ्यांचा जोर वाढला. गावोगाव फिरून ते बकरी-मेंढी उचलून नेत होते, अडवणाऱ्याला मारत होते. तू ठरवलंस, कळप नदी उतरवून वऱ्हाडात न्यायचा, तिकडं निजामाचं राज्य नव्हतं. तेव्हा तू आपणहून माझ्या दारात आलास. भांडणाचं नावसुद्धा काढलं नाहीस. "नदीला छातीभर पानी हाय किसना. मी आन् माजी गिरजा हाय, पन आनखी एक मानूस लागतंय. येतोस का संग?"

मी म्हणालो, "शाळा आहे."

तू माझ्याकडं पाहिलंस. तुला कळलं. पाण्याचं नाव ऐकून माझे पाय तसेच रोवले गेले होते. या खेपेला तू माझं काहीच उचलून नेलं नाहीस. "बरं," म्हणालास, दर्याच्या डोक्यावरून हात फिरवलास आणि गेलास. मी तुला पोचवायला नदीपर्यंतसुद्धा आलो नाही. ते तुझं शेवटचं दर्शन.

मग भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत निजामाचा झेंडा उतरला. गाव नाचत होतं! मीही नाचलो, दर्याला खांद्यावर घेऊन. नाचता नाचता ठरवलं, तू परत आलास की पारावर उभं राहून सगळं सांगायचं. आणि आठ दिवसांनी निरोप आला तो तू गेल्याचा. ताप डोक्यात गेला, पलीकडंच दहन केलं.

परवा मी पलीकडं गेलो. नावाड्याच्या डोंग्यात बसून, डोळे मिटून, कड धरून. हसू नकोस. गिरजावैनी काठावर उभ्या होत्या. रडून डोळे सुजलेले, पण पदर खोचलेला. त्यांनी मला काही बोलू दिलं नाही, आधी नदीकडं बोट दाखवलं. काठावरच्या चिखलात काड्यांची एक ओळ होती. वरपासून खालपर्यंत, वीतभर, हातभर अंतरानं.

"झेंडा उतरला म्हून कळलं तवापासून रोज एक काडी रोवायचे," वैनी म्हणाल्या. "पानी वसरलं की घरी जाऊ म्हनायचे. शेवटच्या दिसापस्तोर इचारत व्हते, आपल्याकडं मेंढरं उघड्यावर आली का म्हून."

सगळ्यांत खालची काडी तू रोवलेली शेवटची. त्या काडीपासून पाणी आता पाच-सहा हात खाली गेलं होतं. मी तिथं चिखलात बसलो आणि मोठमोठ्यानं रडलो. वैनींनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "उठा भावजी. उन्हं हायेत तोवर कळप न्यायचा हाय. सव्वाशे मेंढरं डोंग्यात मावायची न्हाईत. म्होरं तुमी व्हा."

"मी?"

"मग कोन? मागं ऱ्हाऊन येकेक मेंढी सांभाळायची म्हंजी इद्या लागती, ते तुमाला जमायचं न्हाई. म्होरं निस्तं चालायचं आसतंय."

आणि त्यांनी एक चार दिवसांचं, काळ्या तोंडाचं कोकरू माझ्या हातात दिलं. त्याची आई लगेच ओरडत माझ्या पायांत घुटमळायला लागली. कोकराचं काळीज माझ्या तळहाताखाली धडधडत होतं, माझ्या काळजाइतकंच जोरात. वैनी बघत होत्या, कळप बघत होता. मी पाण्यात पाय टाकला. गुडघे, मग कंबर. मागं वळून पाहिलं, तर ती मेंढी काठावर पाय आपटत होती. मला काय करावं कळेना. मग तुझी हाळी तोंडातून आपोआप आली, "हुर्र्र्र हा!" घसा फाटेपर्यंत घातली. मेंढीनं उडी टाकली. तिच्यामागं दुसरी, मग दहा, मग सगळा कळप. नदीभर नुसती डोकीच डोकी! पाणी माझ्या छातीला लागलं, पायाखालची वाळू सरकली, आणि मी, किसन मास्तर, हसत होतो. अगदी खदाखदा. मला बेट दिसत होतं, धूर दिसत होता, तुझी टोपी दिसत होती. बघ, सटवा, बघ! आरं काय थाट!

अलीकडच्या काठावर सगळं गाव जमलं होतं. पारू होती, तिच्या कडेवर दर्या. मी ओलाचिंब वर आलो आणि कोकरू खाली ठेवलं. ते आईला जाऊन चिकटलं. दर्या टाळ्या पिटत ओरडली, "बाबा आधी! बाबा आधी!" आणि गाव हसलं, कौतुकानं, नेहमीसारखं.

मी तिला पारूच्या कडेवरून घेतलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "नाही पोरी. आधी तुझा सटवाकाका उतरला. तुझे बाबा होडीची कड धरून उभे होते. तू झालीस की नाही ते सांगणारं पत्र त्यानं पळवलं, म्हणून मी त्याच्यामागं गेलो." आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. काठी, पट्टा, पत्र, सगळं. कुणी हसलं नाही. पारू डोळे पुसत होती. दर्याला एवढंच कळलं, की काकानं काहीतरी पळवलं होतं. तिनं विचारलं, "मंग दिलं का परत?"

"दिलं," मी म्हणालो.

गड्या, भांडण मिटलं. तू जिंकलास. वैनी शेवटची मेंढी घेऊन वर आल्या तोवर पुढचा कळप रानात पसरला होता. तुझी मेंढरं उघड्यावर चरताहेत.